खोली शोधून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

फोनवर तुम्ही मला आभार मानूच देत नाही. "बस झालं गं," म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. सांगली-कोल्हापूरकडून, सोलापूर-लातूरकडून मेकअपची पेटी घेऊन मुंबईला निघणाऱ्या मुलींच्या कानावर तुमचं बोलणं पडावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे सगळे विचारतात, कोर्स कुठला केलास. राहणार कुठं, हे कुणी विचारत नाही. आणि मालिका-सिनेमाच्या या लाइनीत सुरुवातीचं निम्मं काम तर त्यावरच ठरतं.

आपली ओळख कोल्हापूरच्या आउटडोअर शूटिंगला झाली. तुम्ही मुंबईहून हेअरला, म्हणजे केशरचनेच्या कामाला आलेल्या, मी सांगलीहून लोकल असिस्टंट. तोवर मी नवऱ्या सजवत होते. मी तुम्हाला म्हटलं होतं, आता मालिका इकडेच होतात, मोरेवाडीला चित्रनगरी आहे, साताऱ्या-वाईकडे सारखं शूटिंग असतं, मग मुंबईला कशाला जायचं? तुम्ही मला खोडून काढलं नाहीत. एवढंच म्हणालात, "इथल्या मुलीला युनिट गर्दीच्या दिवशी बोलावतं. मुख्य टीम मुंबईहून ठरून येते. आधी त्या टीममध्ये जा, मग कोल्हापूरला ये." आणि वर हेही म्हणालात की कायमचं कुठलंच नसतं, प्रभातसारख्या कंपनीनंही १९३३ साली कोल्हापूर सोडून पुणं गाठलं होतं. विक्रम गायकवाडांची आठवण तुम्हीच काढलीत. बंगाली चित्रपटांच्या मेकअपसाठीही त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पण त्यासाठी ते काही कोलकात्याला राहायला गेले नाहीत.

मुंबई ठरली. पण मुंबईत कुठं? माझ्या डोक्यात वर्सोवा, यारी रोड होतं, कारण इंडस्ट्रीतली माणसं तिथं राहतात असं ऐकलेलं. घरचे म्हणत होते विरारच्या पुढं बघ, भाडं परवडेल. तुम्ही दोन्ही बाजूला सारलंत आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढलात. मध्ये गोरेगाव. पूर्वेला फिल्मसिटी, पश्चिमेला मढचे बंगले, उत्तरेला मीरा रोड, नायगाव आणि घोडबंदर रोडचे सेट, दक्षिणेला अंधेरीची ऑफिसं, जिथं लुक टेस्ट, म्हणजे भूमिकेचा मेकअप-पेहराव आधी करून बघणं, होतात. "कॉल कुठूनही येऊ दे, तू मधोमध पाहिजेस. आणि अंतर दुपारी बारा वाजताचं मोजू नकोस. पहाटे पाचचं मोज आणि पॅकअपनंतरचं मोज."

हे वाक्य मी नंतर जगले. आर्टिस्टचा कॉल सातचा असेल तर आपली पेटी त्याच्या आधी उघडलेली पाहिजे. बारा-तेरा तासांची शिफ्ट, मग ब्रश धुणं, विग आवरणं, उद्याच्या सीनमध्ये मेकअप आजच्यासारखाच दिसावा म्हणून कंटिन्युइटीचे फोटो बघून ठेवणं. सगळ्यांत शेवटी निघणाऱ्यांत आपण असतो. आणि रात्री फिल्मसिटीच्या आतल्या रस्त्यानं पायी यायचं नाही, तिथं बिबटे फिरतात, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतंत.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्यांना कळत नाही. नव्या असिस्टंटला काम बहुतेक वेळा कुणाचं तरी रद्द झालं म्हणून मिळतं. पहाटे फोन येतो, "अर्ध्या तासात पोचशील का?" फिल्मसिटीजवळच्या दिंडोशीत खोली होती, म्हणून मी हो म्हणू शकले. विरारपलीकडून ते जमलं नसतं. ज्यांच्या हाताखाली मी काम करते ते माझे मेकअप दादा मला अशाच एका फोनमुळे भेटले.

खोली बघायला तुम्ही स्वतः आलात, तुमच्या सुट्टीच्या दिवशी. ते मी विसरणार नाही. तुम्ही खोलीत शिरल्या शिरल्या भिंतीला हात लावून ओल बघितलीत. नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलंत. मग हाताच्या मागच्या बाजूला फाउंडेशनच्या तीन शेड ओढल्यात आणि खिडकीशी जाऊन बघत बसलात. "उजेड खरा आहे. इथं रंग जुळवायला शिकशील," म्हणालात. पत्र्याखालची स्वस्त खोली तुम्ही नको म्हणालात, कारण मे महिन्यात तिथं लिपस्टिक आणि वॅक्स वितळतं. पावसाळ्यात ब्रशला बुरशी येते म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायला शिकवलंत. झोपायच्या खोलीत दाढी-मिशा चिकटवायचा स्पिरिट गम आणि अ‍ॅसिटोन उघडं ठेवायचं नाही, गॅसजवळ तर नाहीच. साच्याचं उरलेलं प्लास्टर मोरीत ओतायचं नाही, पाइप कायमचा बसतो. कुठल्याच कोर्समध्ये मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग ते गेटचं. त्याआधी एका सोसायटीनं मला सरळ नकार दिला होता, एकटी मुलगी रात्री उशिरा येते म्हणून. इथंही घरमालकीण काकूंच्या कपाळावर आठी होतीच. तुम्ही पर्समधून मेकअप-हेअरवाल्यांच्या संघटनेचं तुमचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलंत. शिफ्ट म्हणजे काय, पॅकअप म्हणजे काय, उशीर झाला तर घरी कसं यायचं असतं, सगळं शांतपणे समजावलंत. शेवटी विचारलंत, "रात्री अकराला गेट कोण उघडतं?" काकू म्हणाल्या, "मीच उघडेन." आजही त्याच उघडतात.

पैशाचंही तुम्ही स्पष्ट बोललात. टीव्हीचं पेमेंट ९० दिवसांनी येतं, म्हणून डिपॉझिट सोडून चार महिन्यांचं भाडं हाताशी पाहिजे, नाहीतर माणूस दुसऱ्याच महिन्यात कंटाळून गावी परत जातो. कॉश्च्युमच्या असिस्टंटबरोबर खोली वाटून घे, तिची-तुझी वेळ एकच असते, हेही तुमचंच. हिरो-हिरॉइन व्हायला आलेल्यांच्या शेजारी राहण्यापेक्षा लाइट, सेटिंग, कॉश्च्युमची माणसं जिथं राहतात तिथं राहा, कारण नवं युनिट उभं राहतंय ही बातमी आधी त्यांना कळते. हे किती खरं आहे!

तुमच्या त्या कार्डाबद्दल मात्र लिहायलाच हवं. तुमच्या बोटांत मेकअप आहे. मिशीसाठी क्रेप, म्हणजे नकली केस, इतका बारीक लावणारं दुसरं कुणी मी बघितलेलं नाही. पण तुम्ही लाइनीत आलात तेव्हा संघटनेच्या नियमानं बाईला मेकअपचं कार्ड मिळत नव्हतं. बाईनं हेअरच करायचं. दुसऱ्या नियमाप्रमाणे महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याचीही अट होती, म्हणजे आपण कुठं राहतो यावर आपलं पोट ठरायचं. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना आणि त्यांच्याबरोबरच्या बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ ला ते दोन्ही नियम रद्द झाले. मला हे कार्ड सहज मिळालं. तुमची उमेदीची वर्षं मात्र त्या नियमापायी हेअरमध्येच गेली, आणि तरीही तुम्ही माझ्यासाठी खोल्या बघत हिंडलात. ताई, याचं मोल मला करता येत नाही. तुमचे मनापासून आभार.

आता एक कामाचं. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला मोठं आउटडोअर आहे, ऐतिहासिक, दाढी-मिशांचं काम भरपूर. राहण्या-जेवणाची सोय प्रॉडक्शनची. दादांनी मला माणसं सुचवायला सांगितली, तेव्हा मी तुमचं नाव मेकअपच्या यादीत द्यायला सांगितलं, आणि त्यांनी लगेच हो म्हटलं. तारखा रिकाम्या ठेवा आणि या वेळी नाही म्हणू नका.

तुमची,
दिंडोशीची मुलगी