नळीवर वेळ लिहिणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बुरशीवरच्या औषधांची रक्तातली पातळी तपासायला येणारे पेशंट बेळगावात तुमच्या हाती पडतात, म्हणून त्या आकड्यांवर विश्वास ठेवून डोस ठरवता येतो. औषध देणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे मनापासून आभार.

व्होरिकोनॅझोल या औषधाच्या तपासणीचं रक्त सकाळच्या गोळीआधी घ्यायचं. पहिल्या बसने येणारा माणूस गोळी घेऊनच घरून निघाला, तर आकडा चढा दिसतो आणि डोस नाहक कमी होतो. ‘गोळी सोबत आणा, रक्त दिल्यावर घ्या’ ही तुमची मराठी-कानडी चिठ्ठी त्यासाठी फार मोलाची. शेवटचा डोस किती वाजता, रक्त किती वाजता, हे नळीवर असल्याशिवाय तुम्ही नमुना पुढे पाठवत नाही. जेलची नळीही वापरत नाही, कारण जेल औषध शोषून घेऊ शकतं.

या औषधात अंदाज चालत नाही. लिटरमागे साधारण १ ते ५.५ मिलिग्रॅम पातळी हवी. कमी पडली तर बुरशी हटत नाही, वर गेली तर भास, गोंधळ, यकृताला त्रास. गोळी दिवसातून दोनदा २०० वरून ३०० मिलिग्रॅम केली, की रक्तातलं औषध दीडपट नव्हे, सरासरी अडीचपट होतं. म्हणून डोस बदलला की काही दिवसांनी पुन्हा रक्त.

इट्राकोनॅझोल या दुसऱ्या औषधाचं वेगळं. टीबी बरा झाल्यावर उरलेल्या पोकळीत बुरशी वाढते, तेव्हा ते महिनोन्‌महिने द्यावं लागतं. पातळी स्थिरावायला सुमारे दोन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यातला आकडा कमी दिसला म्हणून डोस वाढवू नये, हे तुम्ही फोन करून सांगता. एकदा स्थिरावल्यावर इथे रक्ताच्या वेळेने फारसं बिघडत नाही. रिपोर्टवर तपासणीची पद्धत लिहिण्याचा तुमचा आग्रह तर फारच रास्त: बुरशीची वाढ रोखण्यावरून मोजणारी जुनी पद्धत औषधाचा शरीरात बनणारा सक्रिय घटकही धरते, म्हणून तिचा आकडा घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी पद्धतीपेक्षा कितीतरी पट मोठा येतो.

एक विनंती. चिठ्ठीत आणखी दोन प्रश्न घाला: इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरपेट जेवणासोबत घेता का, आणि ॲसिडिटीची किंवा टीबीची कोणती गोळी चालू आहे का? ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलने कॅप्सूल नीट विरघळत नाही, आणि टीबीचं रिफॅम्पिसिन बंद केल्यावरही पातळी खाली आणणारा त्याचा परिणाम सुमारे दोन आठवडे राहतो.

आपले,
सीमाभागातले औषधनिर्माते व परिचारिका