आपल्याकडच्या दिवाळ्याचा कायदा वर्गात कधी?

संपादक महोदय,

काजू कारखानदारांची थकलेली कर्जं आणि आंबा बागायतदारांच्या अडकलेल्या पट्ट्या (विक्रीचे पैसे) यांच्या बातम्या दर मोसमात आपल्या दैनिकात येतात. विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असल्यामुळे त्या वाचताना मला एकच विचार येतो. यातला कोणी उद्या आमच्यापैकी एकाकडे अशील म्हणून आला, तर वर्गात शिकलेल्यातलं त्याच्या उपयोगी काय पडेल?

व्यापारी कायद्यात आम्हाला २०१६ ची नादारी (म्हणजे देणी फेडता न येणं) व दिवाळखोरी संहिता शिकवतात, आणि मन लावून शिकवतात. प्रकरण संपवायची ३३० दिवसांची मुदत, धनकोंची (कर्ज देणाऱ्यांची) समिती, कलम ५३ चा पैसेवाटपाचा क्रम, संहिता वैध ठरवणारा ‘स्विस रिबन्स’चा २०१९ चा निकाल, सगळं तोंडपाठ आहे. पण ही यंत्रणा कंपन्या आणि एलएलपींसाठी (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थांसाठी). किमान थकबाकी १ कोटी (मार्च २०२० पर्यंत ती १ लाख होती) आणि अर्ज मुंबईच्या कंपनी विधी न्यायाधिकरणात. वेंगुर्ल्याचा काजू कारखाना, हर्णैचा मच्छी व्यापारी, देवगडचा आंब्याचा कॅनिंगवाला हे बहुतेक करून एकट्याच्या मालकीचे, नाहीतर दोघा-तिघा भावांच्या साध्या भागीदारीतले धंदे. त्यांना त्या न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढायचं कारणच नाही. २०२१ मध्ये लघुउद्योगांसाठी म्हणून ‘प्री-पॅक’ (घेणेकऱ्यांशी आधीच तडजोड ठरवून अर्ज करायची सोय) आलं, तेही कंपनी किंवा एलएलपी असेल तरच.

मग यांच्यासाठी कायदा कुठला? संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठीच लिहिलाय, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बाकीच्यांना अजूनही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच. त्यात कर्जाची किमान रक्कम ५०० रुपये, आणि अर्ज करायचा आपल्याच जिल्ह्यात! वर्गात या कायद्याचं नाव एकदा ‘जुने कायदे’ म्हणून येऊन गेलं, तेवढंच.

तो नुसता चाळला तरी आपलीच गावं दिसायला लागतात. घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी राहतं घर किंवा धंद्याची जागा सोडून जाणं, दडून बसणं, हे त्यात ‘नादारीचं कृत्य’ आहे. म्हणजे तगादा सुरू झाला की मुंबईला भावाकडे जायचं आणि फोन बंद ठेवायचा, या आपल्याकडच्या ठरलेल्या उपायानेच घेणेकऱ्याच्या हातात अर्जाचं कारण मिळतं. ‘बाग बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून टाक’ हा सल्ला तर चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. या कायद्याचं कलम ५३ सांगतं की असं हस्तांतरण झाल्यापासून दोन वर्षांत अर्ज दाखल झाला आणि माणूस नादार ठरला, तर रिसीव्हरला (नादाराची मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाला) ते उलटवता येतं. (दोन्ही कायद्यांत कलम ५३, आम्हाला परीक्षेतलं तेवढं माहीत.) उलट जो सरळपणे हात वर करतो, त्याला अटकेपासून संरक्षण आणि शेवटी देण्यांतून मुक्तता मागता येते. हे सांगणारा वकील त्याला भेटला पाहिजे.

न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखालच्या बँकांच्या नोटिसांचंही तेच. शेतजमिनीला त्या कायद्यातून सूट आहे, एवढंच आम्ही लिहून घेतलं. पण सातबारावर शेती दिसते म्हणून सूट मिळेलच असं नाही. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती नाकारली. बागेत होम-स्टेच्या खोल्या बांधून कर्ज काढणाऱ्यांना यातलं काय लागू पडतं, यावर मालवणपासून दापोलीपर्यंत कितीतरी सल्ले द्यावे लागतील.

यावर उत्तर मिळतं की मुलांना नोकऱ्या मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये हव्या असतात. जाणाऱ्यांनी खुशाल जावं. पण आमच्या वर्गातले बरेच जण सनद घेऊन तालुक्याच्या न्यायालयातच बसणार आहेत, आणि आता तर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला आलंय. एन्रॉन कंपनीच्या दिवाळखोरीचं उदाहरण आम्हाला अमेरिकेचा कायदा समजावताना देतात. तिचा वीज प्रकल्प इथेच गुहागर तालुक्यात होता, हे कोणी बोलत नाही.

विद्यापीठाने आणि जिल्ह्यातल्या विधी महाविद्यालयांनी एवढं तरी करावं. १९२० चा कायदा संहितेच्या जोडीने शिकवावा, जिल्हा न्यायालयातले जुने नादारी अर्ज मुलांना वाचायला मिळतील अशी सोय करावी, आणि अभिरूप न्यायालयासाठी (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यांसाठी) प्रश्न इथले घ्यावेत. एक मीच सुचवते. संहितेतली, अगदी छोट्या कर्जदारांना कर्जमाफी देणारी ‘नवी सुरुवात’ योजना अजून लागू झालेली नाही. वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, माफीला पात्र कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि मालकीचं घर नको, अशा तिच्या अटी आहेत. ती उद्या लागू झाली आणि ट्रॉलरवरच्या एखाद्या खलाशाने अर्ज केला, ज्याचा सामाईक वडिलोपार्जित घरात चौथा हिस्सा आहे आणि त्या घरात राहतो मात्र चुलता, तर त्याला ‘घराचा मालक’ म्हणून बाहेर काढायचं का?

– विधी शाखेची एक विद्यार्थिनी, कुडाळ