कुइसेब घाटानंतरचं पंक्चर

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल संध्याकाळी आम्ही दोघी नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला सुखरूप परत आलो. बारा दिवसांत 2,400 किलोमीटर झाले, त्यातले बरेचसे खडीच्या रस्त्यावर. फोनवर मी 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणत होते, कारण आई, तू रात्रभर जागी राहिली असतीस. आता सगळं सांगते.

नामिबिया आपल्या महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि माणसं जेमतेम 30 लाख. तासन् तास समोरून गाडी येत नाही. बाबा, इथेही डावीकडूनच गाडी चालवतात, त्यामुळे हात लगेच बसला. खडीवर टायरची हवा थोडी कमी करायची, 80 च्या वर जायचं नाही आणि सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठायचा. अंधारात हरणं अचानक आडवी येतात.

सोसुसव्लेईला लाल वाळूचे डोंगर आहेत, काही 300 मीटरहून उंच. त्यांच्या मधोमध पांढऱ्या, भेगाळलेल्या मातीचं एक तळं आहे, पाण्याचा थेंब नाही. त्यात आपल्या बाभळीच्या कुळातली झाडं काळी होऊन उभी आहेत. वाळूनं नदीची वाट अडवली आणि ही झाडं 600-700 वर्षांपूर्वी वाळली. हवा इतकी कोरडी, की अजून कुजलेली नाहीत. एका खोडाला हात लावायचा मोह झाला, पण नाही लावला.

पंक्चर झालं ते त्यानंतर दोन दिवसांनी, वाल्विस बेच्या रस्त्यावर. कुइसेब घाटानं दरीत उतरून पुन्हा वर आलो आणि सपाट माळावर मागचं चाक बसलं. झाड नाही, सावली नाही, फोनला रेंज नाही. खरं सांगते, पोटात गोळा आला. मग तुमचं बोलणं आठवलं, बाबा. गाडी उचलायच्या आधी नट सैल करायचे. पुढच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावले. जॅक मात्र खडीत रुतायला लागला. कुंभार्ली घाटात तुम्ही एसटीच्या जॅकखाली फळकूट सरकवलं होतं, मी सातवीत होते. आमच्याकडे फळकूट कुठलं? स्वयंपाकाच्या पेटीतली भाजी चिरायची जाड लाकडी फळी घेतली, ती खाली ठेवली आणि गाडी अलगद उचलली गेली.

स्टेपनी बसवत होतो तेवढ्यात एक शेतकरी थांबला. इथे रस्त्यात उभी गाडी दिसली की न थांबता सहसा कुणी जात नाही. त्यानं पाना घेतला, समोरासमोरचे नट पुन्हा आवळले आणि म्हणाला, पन्नास किलोमीटरवर परत तपासा. तंतोतंत तुमचंच वाक्य. मला रडू आलं.

स्वाकोपमुंड सुंदर आहे, जर्मन धाटणीची घरं, समोर धुक्यातला समुद्र. पण गावाच्या कडेला वाळूचे बुटके उंचवटे आहेत, नाव नसलेल्या कबरी. 1904 ते 1908 मध्ये जर्मन सैन्यानं हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, या गावात त्यांना छावणीत डांबलं. तो वंशसंहार होता हे जर्मनीनं मान्य केलं 2021 मध्ये. तिथून निघाल्यावर बराच वेळ आम्ही बोललो नाही.

एटोशा अभयारण्यातली रात्र मात्र तुझी, आई. तिथल्या ओकाउकुएजो कॅम्पला पाणवठ्यावर दिवे लावलेले असतात, दगडी भिंतीमागे बाकं. शेकडो माणसं आणि चिडीचूप. एक काळा गेंडा पिल्लाला घेऊन आला. पिल्लू आधी प्यायलं, आई कान हलवत उभी राहिली.

बाबा, तीस वर्षं तुम्ही लोकांना त्यांच्या गावी पोहोचवलंत. पुढच्या मे महिन्यात तुम्ही दोघं या. पाऊस संपलेला असतो आणि थंडी फार नसते. मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. आईच्या गुडघ्यांना गाडीच्या टपावरच्या तंबूची शिडी झेपणार नाही, म्हणून खोल्याच घेऊ. पासपोर्टचे फॉर्म मी भरून ठेवते, फोटो तेवढे काढून ठेवा.

तुमची,
मुलगी