कॅलेंडरमागची रेघ

पुणे, जुलै

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर बाबा "बरंय" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई "जेवलास का?" विचारते, तेवढ्यात माझ्या मीटिंगची वेळ होते. म्हणून आज कागद घेतला.

मागच्या खेपेला आलो तेव्हा पहाटे तीनला पाणी प्यायला उठलो. मधल्या खोलीत उजेड होता. बाबा, तुम्ही चष्मा लावून मोबाईलवर कोयनेचा विसर्ग बघत होतात. बाहेर पावसाचा थेंब नाही. "आयर्विन पुलाला पाणी किती?" विचारलं, तर "अठरा फूट" म्हणालात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे मला तुम्हीच शिकवलंत. तरी अठरालाही डोळ्याला डोळा नाही.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं आणि गावभागातल्या आपल्या घरात छातीएवढं शिरलं. ओसरल्यावर तुम्ही भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारलीत, रंगाऱ्यालाही तेवढी पट्टी सोडायला लावलीत. आईनं तिच्यावर कॅलेंडर टांगलं. तेव्हापासून एक जण रेघ जपतोय आणि दुसरी झाकतेय. जून लागला की गाद्या माळ्यावर, सातबारा-पासबुकांची पेटी वर. सांगलीत पूर बघितलेल्या माणसानं तयारीत राहावं, त्यात वावगं काही नाही. पण मे महिन्यात, नदीत ढोपरभर पाणी असताना छाती धडधडते, ही तयारी नव्हे हो.

तुम्ही डॉक्टरांकडे गेलात याचं मला किती बरं वाटलं ते सांगितलंच नाही. त्यांनी आधी रक्त तपासलं, तर बी-१२ कमी. "डोकं तपासायला गेलो आणि निघालं जीवनसत्त्व," म्हणून तुम्हीच हसलात. आपल्यासारख्या शाकाहारी घरात, उतारवयात हे बऱ्याचदा निघतं, आणि त्यानंही माणूस मरगळतो, विसरतो. इंजेक्शनं झाली, सोबत मनाची गोळी सुरू झाली. पहिले पंधरा दिवस "काही उपयोग नाही," तिसऱ्या आठवड्यात झोप लागायला लागली, आणि महिन्याभरात तुम्ही गोळी परस्पर बंद केलीत! वर कारण काय, तर हरिपूरपर्यंत चालायला जातोय, आता गरज नाही.

चालणं सोडू नका. चिंचांच्या त्या रस्त्यानं सकाळच्या उजेडात चालून आलं की शरीराचं घड्याळ ताळ्यावर येतं आणि रात्रीची झोप सुधारते. संगमावर दोन ओळखीची माणसं भेटतात, तेही औषधच. पण चालण्यानं गोळी रद्द होत नाही. ती एकदम तोडली की गरगरतं, चिडचिड होते, झोप उडते. तुमचं गेल्या आठवड्यात नेमकं तेच झालं आणि तुम्ही खापर फोडलंत वांग्याच्या भाजीवर. बंद करायचीच तर डॉक्टर हळूहळू कमी करून देतील. शिवाय या वयात अशा काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून त्यांनी पुन्हा तपासायला सांगितलंय. ती चिठ्ठी फ्रिजवर लावलीय, तिच्यावर दुधाचा हिशोब मांडू नका.

दुपारी दोन-दोन तास ताणून देणं आणि पाचनंतरचा चहा, एवढं मात्र सोडाच. रात्री जाग आली तर तळमळत पडू नका, खुर्चीत बसा, जप करा. मोबाईल आईच्या उशाशी राहू दे.

आता आई. तू गल्लीत सांगितलंस, "हे पोटाच्या डॉक्टरांकडे गेलेत." सांग बापडी, माझी हरकत नाही. हरकत आहे ती शेजारच्या काकूंनी दिलेल्या मनःशांतीच्या चूर्णाला. बाबांसाठी आलेलं ते चूर्ण तूही चमचाभर घेतेस, असं कळलं. डब्यावर अश्वगंधा लिहिलंय. तुझी थायरॉइडची गोळी अकरा वर्षं चालू आहे आणि अश्वगंधेनं थायरॉइडची पातळी हलू शकते. आजीच्या जायफळाला मी कधी नाक मुरडलं नाही, पायाला तेल चोळून घ्यायला तर मी अजूनही तयार असतो. पण डबा डॉक्टरांना दाखवेपर्यंत बंद.

आणि एक विचारू? मधल्या खोलीतलं कॅलेंडर अजून मार्चवरच आहे. तू एकादशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बघतेस. पान उलटायला ते उचललं की रेघ दिसते, म्हणून ना? सगळे बाबांची झोप विचारतात, तुझी कोणी विचारली नाही, मीसुद्धा नाही. तू भजनी मंडळात जाणंही बंद केलंस, "यांना एकटं कसं सोडू" म्हणून. मंगळवारी जायचं. तेवढा वेळ बाबा एकटे राहतात, आणि भांडी घासून ठेवतात, मी बोललोय त्यांच्याशी.

रात्री-बेरात्री जीव घाबरला आणि माझा फोन लागला नाही, तर १४४१६ लावा. टेलि-मानस, सरकारी आहे, २०२२ पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडचा माणूस गल्लीतला नसतो, हा आणखी एक फायदा. नंबर मोठ्या अक्षरांत लिहून पाठवतोय, टीव्हीशेजारी चिकटवा.

शनिवारी येतोय. सोडियमची तपासणी करून घेऊ, आणि डॉक्टरांकडे तिघंही जाऊ, आईचं नावही लावलंय. रविवारी हरिपूरला मी येईन, पण साडेसहाला. पाचला उठवायचं नाही. जाताना भडंग न्यायचंय, ऑफिसातले मागे लागलेत.

तुमचा,
बंडू

ता. क. कॅलेंडर काढू नकोस. मी आल्यावर दोघं मिळून जुलैचं पान लावू.