आधी तार ओढ, मग राउटर बघू

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

नवा कॉम्प्युटर आला हे कळलं. मागच्या खोलीत नेट रडतं म्हणून सहा अँटेनांचा महागडा राउटर घ्यायचं चाललंय, असंही तुझी आई म्हणाली. तो तूर्त घेऊ नकोस. फोनवर मी सांगायला लागलो की तू "हो बाबा, हो बाबा" करत दुसरंच काहीतरी करत असतेस, म्हणून कागदावर उतरवतोय.

तुमच्याकडे फायबरचा डबा दाराशी, टीव्हीमागे. तुझं टेबल पार मागे. मध्ये दोन भिंती, फ्रिज आणि बाथरूमच्या टाइल्स. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण दोन भिंतींत त्याचा जीव जातो. २.४ चा पट्टा आत पोचतो, पण तिथे सगळी बिल्डिंग दाटीवाटीने बसलेली असते. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शिवाय मायक्रोवेव्ह चालतो तोही तिथेच, २.४५ वर. सहा काय, बारा अँटेना लावल्यास तरी भिंत पातळ होत नाही.

तेव्हा दारापासून तुझ्या टेबलापर्यंत कॅट-६ केबल, म्हणजे नेटची जाड तार, टाक. अशी केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट आरामात नेते, तुझं काम वीस मीटरच्या आत भागेल. दुकानदाराला ठणकावून सांग, शुद्ध तांब्याची पाहिजे. स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरी चमकते. घरमालक भिंतीला भोक पाडू देणार नाहीत, म्हणून चिकटवायची केसिंग पट्टी आण आणि खालच्या टाइल्सच्या कडेने ने. फक्त लाइटच्या वायरी असलेल्या पट्टीत ही केबल कोंबू नकोस.

आता कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाला बसतो तो प्लग. केबलचं साल काढलंस की आठ तारा दिसतील, चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. हा पीळ उगाच नसतो. आमच्या खात्यात पीळ सुटलेल्या जॉइंटवर एकाच्या फोनमध्ये दुसऱ्याच्या घरची बोलणी ऐकू यायची, आणि लोक ती चवीने ऐकायचे. म्हणून पीळ कनेक्टरच्या तोंडापर्यंत राहू दे, अर्ध्या इंचाच्या वर उलगडू नकोस. क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. तारा एका रेषेत कापून आत सरकव, समोरून बघितल्यावर आठही टोकं भिडलेली दिसली पाहिजेत, मगच क्रिम्परने, म्हणजे कनेक्टर दाबायच्या पकडीने, दाब.

झाल्यावर नुसता दिवा लागला म्हणून खूश होऊ नकोस. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग बघ. १००० (म्हणजे एक गिगाबिट) ऐवजी १०० दिसला तर आधी कनेक्टरवर संशय घे. १०० ला १, २, ३ आणि ६ नंबरच्या चारच तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. त्यामुळे एखादी तार नीट बसली नसेल तरी नेट चालतं, आणि माणूस बिनघोर राहतो. तुझी वीस जीबीची ड्रॉइंग्ज जुन्या कॉम्प्युटरवर टाकताना १०० च्या लिंकवर जवळपास अर्धा तास जाईल. गिगाबिटवर, डिस्क साथ देणारी असेल तर, तीनेक मिनिटं.

जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नकोस, ड्रॉइंग्जची दुसरी प्रत ठेवायला तो उत्तम आहे. पण त्यावर विंडोज १० आहे आणि तिचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी, फुकट मिळणारी सिस्टिम टाकू. जावईबापू नाक मुरडतील, मुरडू देत.

माळ्यावरचा जुना राउटरही काढ. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, म्हणजे एका तारेला फाटे फोडणारा डबा, टेबलाखाली ठेव. दाराकडून आलेली केबल त्यात घाल, त्यातून एक वायर कॉम्प्युटरला, एक जुन्या राउटरला. मोबाइलला मागे रेंज मिळेल. मात्र आधी त्या जुन्या राउटरचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद कर, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा वेगळा दे (पुढचा डबा १९२.१६८.१.१ वर असेल असं धरतोय, बघून घे), आणि वायर वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) नाही, लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टात घाल. घरात पत्ते वाटणारा एकच असावा. दोघे वाटायला लागले की कधी चालतं, कधी नाही, आणि शिव्या कंपनीला बसतात.

पासवर्ड बदलण्याबद्दल तुला सांगायला नको. वायफायचाच नाही, राउटरच्या ॲडमिनचाही. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणावर जोडायची सोय, बंद. पाहुण्यांना आणि टीव्हीला गेस्ट नेटवर्क.

एक गोष्ट मात्र आजच कर. नव्या विंडोजमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते. ते कुलूप उघडायची ४८ आकड्यांची रिकव्हरी की छापून घे आणि घरभाड्याच्या कराराच्या फाइलमध्ये ठेव. ती कॉम्प्युटरमध्येच ठेवणारे शहाणे मी पाहिलेत.

लाइट गेल्यावर फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही चालू राहायला हवेत, त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. दोन्हींच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय त्याचे फोटो पाठव, मी इथून बघून आणतो. क्रिम्पर आणि टेस्टर माझ्याकडे आहेत, विकत घेऊ नकोस. कनेक्टर मात्र डझनभर आणून ठेव, पहिले दोन-तीन वाया जातातच.

तुझा,
बाबा