ज्यांना उत्तर आलं नाही, त्या सरांना

आदरणीय सर,

नमस्कार, आणि तुमच्या ख्रिस्ती घरी म्हणतात तसा सलाम.

तुमचा फोन बटणांचा, त्यामुळे हे कोणीतरी वाचून दाखवेल तेव्हाच तुम्हाला कळेल. समोर येऊन बोलायला गेले की तुम्ही हात झटकता, "चहा घ्या, थंडा होऊन राहिला" म्हणता आणि विषय तिथेच मिटवता. म्हणून शेवटी चारचौघांत लिहायला बसले. रागावलात तरी चालेल.

तुम्हाला आमचं घर माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. मी नागपूरच्या महाल भागातली. लग्न होऊन मेकोसाबागेकडे आले. नवरा ख्रिस्ती, मी आजही कुंकू लावते, आणि लेक दोन्हीकडची. रविवारी बाबांचं बोट धरून उपासनेला जायची आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी आजीकडे पाटावर बसून आंबील प्यायची. अकरा वर्षांत आम्हाला ह्याची कधी अडचण झाली नाही. फेब्रुवारीत माझी आई गेली आणि अडचण झाली.

लेकीने संडे स्कूलमध्ये विचारलं, "माझी आजी कुठे गेली?" आजी येशूला मानत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. उत्तर एका शब्दात मिळालं. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. आजी जाऊन सोळा दिवस झाले होते आणि पोरगी सहावीतली. वर हेही ऐकवलं की असे प्रश्न विचारू नयेत, विश्वास ठेवावा. तिचं नाव तिथे आधीच खराब होतं, ते बर्फाच्या भानगडीमुळे. त्यावर येतेच.

आमच्या बाजूची माणसंही काही कमी नाहीत. तेराव्याला एका नातलग बाईंनी तिला आजीच्या फोटोला हार घालू दिला नाही. "ती तिकडची नं" म्हणाल्या. म्हणजे इकडच्यांनी तिला तिकडची ठरवली आणि तिकडच्यांनी तिच्या आजीचा निकाल लावून टाकला. आणखी एक गृहस्थ भेटायला आले आणि मला रडताना बघून म्हणाले, रडणं हे अविश्वासाचं लक्षण आहे. मी तर विश्वास ठेवणाऱ्यांत मोडतच नाही, तेव्हा ते कोणाला सांगून राहिले होते, देव जाणे.

पोरगी जेवेनाशी झाली. तुम्ही तिला अपूर्णांक शिकवायला आमच्याकडे येत होता. तेव्हाच एका संध्याकाळी बर्फाचा विषय निघाला.

तर ती भानगड अशी. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव कसा, हे समजवायला मुलांना सांगतात की बर्फ, पाणी आणि वाफ जसं एकच तसं. माझ्या लेकीने हात वर करून विचारलं होतं, "मग गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना कोणाला करत होता? वाफ बर्फाला हाक मारते का?" तिला बाहेर बसवलं होतं. तुम्ही मात्र हसता हसता खोकायला लागलात, पाणी मागवलंत, आणि म्हणालात, "बेटा, हे भांडण तिसऱ्या शतकातलं आहे."

साबेल्लियस नावाचा कोणी रोममध्ये हेच शिकवत होता, एकच देव तीन सोंगं घेतो म्हणून. मंडळीने, म्हणजे चर्चने, ते नाकारलं, आणि कारण जवळपास माझ्या लेकीचंच होतं: सोंगं एकमेकांशी बोलत नसतात. मग आलेक्सांद्रियाचा आरियस उठला. त्याचं म्हणणं, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, कधीतरी तो नव्हताच. त्यावर इ.स. 325 मध्ये निकियाला धर्मसभा भरली, सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेली, आणि तिने ठरवलं की पुत्र केलेला नव्हे, तर जन्मलेला, पित्याशी सत्त्वाने एक. पवित्र आत्म्याबद्दलचं नीट मांडायला 381 उजाडलं. ह्या तिघांच्या एकपणाला त्रैक्य म्हणतात, पण तो शब्द पवित्र शास्त्रात कुठेच नाही, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि लेकीइतकीच मीही चकित झाले. स्वयंपाकघरातून कान देऊन बसले होते मी, आता कबूल करते.

तुम्ही गणिताचे. म्हणालात, "गणितात मी सिद्ध करून दाखवतो. इथे मला फक्त कुंपण दाखवता येते. तीन देव आहेत म्हटलं, की कुंपणाबाहेर. एकाचीच तीन सोंगं म्हटलं, तरी बाहेर. आत काय आहे, ते उदाहरणात बसत नाही. बसलं की समज, कुठेतरी चुकलं." मग तिच्याकडे बघून, "तीनशे वर्षं मोठमोठ्यांच्या नाकी नऊ आले, तुला सहावीत नाही समजलं तर काय बिघडलं?"

त्या दिवशी तुम्ही लाल पुठ्ठ्याची एक वही काढलीत आणि तिचे प्रश्न लिहायला लागलात. आकडा, तारीख, प्रश्न, खाली जागा. प्रश्न 2 होता, येशू देव की माणूस. त्याखाली तुमच्या बारीक अक्षरात लिहिलंय, "दोन्ही, आणि दोन्ही पूर्ण. अर्धा अर्धा नाही. खाल्केदोनची धर्मसभा, 451." अपूर्णांकांच्या वहीशेजारीच हे पडलेलं असायचं, त्यामुळे "अर्धा अर्धा नाही" तिला चांगलं लक्षात राहिलं. प्रश्न 4 होता, देव रडतो का. त्यावर तुम्ही काही समजावलं नाही, योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय उघडून पस्तिसावं वचन तिलाच मोठ्याने वाचायला लावलंत. दोनच शब्द. "येशू रडला." मेलेल्या मित्राच्या, लाजरच्या कबरेपाशी, आणि तेही थोड्या वेळाने त्याला उठवणार आहोत हे माहीत असताना. मी आत पोळ्या लाटत होते. ते अविश्वासाच्या लक्षणवाले गृहस्थ मला तेव्हा फार आठवले.

आणि मग तिने पाचवा विचारला.

सर, माझा हात थांबला होता. मला वाटलं, आता तुम्हीही सांगणार. गोड करून सांगाल, पण सांगणार. तुम्ही लिहिलंत: "प्रश्न 5. आजी कुठे आहे?" तारीख घातलीत. पेनाचं टोपण लावलंत, चष्मा काढून वहीवर ठेवलात आणि म्हणालात, "मला ह्याचं उत्तर आज येत नाही. मला वेळ देशील?"

एवढंच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने सहावीतल्या पोरीकडे वेळ मागितला.

ती माझ्याकडे उड्या मारत आली. "आई, सरांना येत नाही!" अशी खुशीत, जणू शाळेला सुट्टी मिळाली. त्या रात्री तिने गोळाभात मागितला. तिच्या आजीच्या हातचा, आता माझ्या हातचा, वरून हिंगाची फोडणी. दोनदा घेतला. मी ओट्याशी तोंड करून उभी राहिले, कारण मला तिला माझं तोंड दाखवायचं नव्हतं.

मला ह्यातलं शास्त्र फार कळत नाही. पण आयुष्यभर मी ज्यांना सगळं येतं अशाच लोकांच्या पाया पडत आले, देवळात, दवाखान्यात, कचेरीत. येत नाही म्हणणारा आणि तरी उठून न जाणारा माणूस मला फार कमी भेटला. तुमच्यासारखी माणसं कुठल्या धर्मात जास्त निघतात ह्याचा हिशोब मी करत नाही. माझे वडील महालात शिवणकाम करायचे, तेही असेच. कापड बघून म्हणायचे, "हे माझ्याच्यानं नाही होणार, उद्या ये, विचारून ठेवतो." गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी यायचंच.

तुम्ही एकोणीस दिवसांनी आलात. मे महिना, भर दुपार, कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसलेली. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला आणि सायकल. फोन केला असता तर आम्हीच आलो असतो, हे मी अजून मनात धरून आहे. पिशवीतून वही काढताना खिशातला कांदा खाली पडला, उन्हासाठी ठेवलेला, आणि घरंगळत दिवाणाखाली गेला. पोरगी पालथी पडून तो शोधत होती आणि तुम्ही कूलरसमोर उभे राहून म्हणत होता, "राहू दे बेटा, प्रश्न पाच आधी."

तुम्ही तिच्यापासून काही लपवलं नाहीत, हे मला लिहून ठेवायचं आहे. योहान 14:6 वाचलंत, "माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही" असं येशूचं वचन आहे म्हणालात, आणि ह्यावरूनच काही ख्रिस्ती लोक ठामपणे म्हणतात की ज्याने त्याला मानलं नाही त्याला तारण, म्हणजे मुक्ती, नाही. तिचा चेहरा उतरला. तरी तुम्ही ते पान लगेच उलटलं नाहीत. मग रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय, जिथे पौल लिहितो की ज्यांच्याजवळ मोशेचं नियमशास्त्र नाही त्यांच्याही अंतःकरणात ते लिहिलेलं असतं. मग उत्पत्तीतला अब्राहाम, देवाशी घासाघीस करत विचारणारा, की सगळ्या जगाचा न्याय करणाराच न्याय करणार नाही का. मग म्हणालात, "मी कॅथलिक नाही, पण त्यांच्या दुसऱ्या व्हॅटिकन सभेने 1964 मध्ये लिहिलं, की ज्याचा दोष नसताना त्याला ख्रिस्त ठाऊक झाला नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतो, त्यालाही तारण मिळू शकते. चांगलं लिहिलं ते चांगलं."

"म्हणजे नक्की काय?" तिने विचारलं.

"नक्की हे, की आमच्यात ह्यावर एकमत नाही. आणि तुझी आजी अमुक ठिकाणी आहे असं जो छातीठोक सांगते, तो देवाच्या खुर्चीवर बसून राहिला. उपासनेत विश्वासांगीकार म्हणतो, त्यात आपण काय म्हणतो? जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला कोण येईल?"

"येशू."

"प्रश्न चारमध्ये कोण रडलं?"

ती गप्प झाली. मीसुद्धा. कूलरची मोटर तेवढी घरघरत होती.

मग तुम्ही तिला विचारलंत, आजी काय काय करायची ते सांग. ती सांगत गेली, तुम्ही पाचव्या प्रश्नाखालच्या रिकाम्या जागेत लिहीत गेलात. गोळाभात. मारबतीच्या दिवशी गच्चीवरून मिरवणूक दाखवायची. उन्हाळाभर दाराबाहेर माठ, त्याला ओलं फडकं, कोणीही प्यावं. त्या माठाच्या ओळीपुढे तुम्ही काही खरडलंत आणि वही मिटलीत. रात्री लेकीने बघितलं तर तिथे एवढंच होतं: मत्तय 25:35. नवऱ्याने पवित्र शास्त्र काढून वाचलं. "मी तान्हेला होतो", म्हणजे तहानलेला, तिथवर आला आणि पुढचं त्याला वाचवेना.

तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, तुम्ही बाप्तिस्मा कधी घेणार म्हणून. इतर विचारतात. एकदा मीच तो विषय काढला तर तुम्ही कवी नारायण वामन टिळकांचं सांगितलंत. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका अनोळखी साहेबाने त्यांना नवा करार दिला, 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना पुढे कित्येक वर्षं लागली. "त्यांनाही कोणी ढकलत नेलं नव्हतं," म्हणालात आणि साखर कमी आहे का ते विचारलंत.

तर सर, आभार. ह्यापुढे मला शब्द सुचत नाहीत, आणि सुचले तरी तुम्ही मध्येच चहा काढाल.

तुमचा कांदा आमच्याकडेच राहिला. तिने तो खिडकीत ठेवला, त्याला आता हिरवी पात फुटली आहे आणि भाजीत घालू देत नाही. प्रश्न 12 तयार आहे म्हणे, देव सगळं माफच करणार होता तर क्रूस कशाला हवा होता, असा काहीतरी. शुक्रवारी सहाला येते म्हणाली. चष्मा जवळ ठेवा.

तुमच्या विद्यार्थिनीची आई,
नागपूर