डिझेलची ट्रिप झाली, मी मजेत आहे, काळजी नको

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर आईचा कुकर होतो आणि बाबा "बरं, बरं"च्या पुढे जात नाहीत, म्हणून लिहूनच पाठवतोय. चिऊला सांगा मोठ्याने वाचून दाखवायला, फॉन्ट बारीक आहे म्हणून बाबांनी मोबाईल डोळ्याला लावून बसू नये.

आधी तब्येतीचं. खोकला गेला. रूमचा हीटर घरमालकाने एकदाचा दुरुस्त करून दिला. वरण-भात रोज करतो, भाजी जमेल तशी. बारीक दिसतोय तो व्हिडिओ कॉलच्या अँगलमुळे, वजन आहे तेवढंच आहे. ऑफिसचं नेहमीचंच, ते सोडा.

तर शनिवारी ती ट्रिप केली. बाबा, क्लास ३७, म्हणजे इथलं जुनं डिझेल इंजिन, इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं, १९६० ते ६५ मध्ये बनलेली ही सगळी, म्हणजे तुमच्याच वयाच्या आसपासची. १२ सिलिंडर, टर्बो, १७५० हॉर्सपॉवर. आपलं भारतातलं डिझेल, डब्ल्यूडीएम-२, २६०० चं, तेव्हा तुम्ही नाक मुरडणार माहितीये, पण आवाज ऐकल्यावर बोला. ह्या इंजिनाची मोठी ओव्हरहॉलची वेळ आली आणि एवढा खर्च आता मालकांना परवडत नाही, म्हणून ही त्याची मेन लाईनवरची शेवटची फेरी, उत्तर इंग्लंडमधल्या सेटल-कार्लाईल लाईनवर. आणि गंमत ऐका, ह्यातली बरीचशी इंजिनं व्हल्कन फाउंड्रीत बनलीत, आणि १८५३ ला बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी ओढणारी इंजिनं पण त्याच कारखान्यातून आलेली! आणि तुम्ही ज्याचं कौतुक सांगता ते डेक्कन क्वीनचं विजेचं इंजिन, डब्ल्यूसीएम-१, ते पण इंग्लिश इलेक्ट्रिकचंच. म्हणजे घरातलंच झालं ना.

आई, तुला आता इथली एक पद्धत सांगायची आहे, नीट ऐक, कारण मला पण समजायला वेळ लागला. लोक महिनेन् महिने आधी तिकीट काढतात, खिडकीची सीट मिळावी म्हणून जीव टाकतात, आणि गाडी सुटली की सीटवर कोट ठेवून सगळे उठतात आणि पहिल्या डब्याच्या दरवाजाजवळ जाऊन दिवसभर उभे राहतात. बाहेर डोंगर, मेंढ्या, दगडी कुंपणं, बघण्यासारखं सगळं आणि कोणी बघत नाही. ते इंजिनाचा आवाज ऐकायला आलेले असतात! साठी उलटलेली माणसं, थर्मास, चीजचं सँडविच, मांडीवर नाहीतर खांद्याला वही. वहीत सगळ्या इंजिनांचे नंबर, ज्याच्या मागे प्रवास झाला त्याच्याखाली लाल रेघ. उघडणारी खिडकी एकच, तर तिथे कोणी न सांगता लाईन लागते, सत्यनारायणाच्या प्रसादाला लागते तशी, थोडा वेळ कान लावायचा, सॉरी म्हणायचं आणि मागे व्हायचं. सॉरी का, ते विचारू नकोस. कोणी ढकलत नाही, कोणी "आगे चलो" म्हणत नाही. मी पहिल्यांदा सवयीने दादरसारखा घुसलो तर सगळे इतक्या सभ्यपणे बाजूला झाले की मलाच कसंतरी झालं.

आणि नाही, मी डोकं बाहेर काढलं नव्हतं. खिडकीपाशी केशरी जाकीटवाला माणूस उभा असतो, तो काढूच देत नाही. फोटोत जे डोकं बाहेर दिसतंय ते माझं नाही, टोपी सारखी आहे फक्त.

सेटलच्या पुढे चढ लागतो, शंभराला एक, म्हणजे शंभर फुटांत एक फूट वर, मैलोन् मैल. आपल्या बोर घाटात सदतीसला एक आहे, मागून ढकलायला जादा इंजिन, बँकर, लावावा लागतो, त्यापुढे हा काहीच नाही, पण हा संपतच नाही. इंजिन पूर्ण पॉवरवर, खिडकीच्या काचेवर तेलाचे बारीक थेंब, ब्रेकचा आणि डिझेलचा तो वास, बाबा शिफ्टवरून आले की जिन्यातच यायचा तो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं कुठून, म्हटलं मुंबई. बाबा काय करायचे, म्हटलं परळ वर्कशॉप, डिझेलचे फिटर, इंजिनं पीओएचला, म्हणजे ठराविक काळाने होणाऱ्या पूर्ण दुरुस्तीला, यायची त्यांच्याकडे. त्याचा नंबर होता खिडकीवर. तो काही बोलला नाही, बाजूला झाला आणि रिबलहेडच्या पुलापर्यंत खिडकी मलाच दिली. मागच्यांनी पण काही म्हटलं नाही. मी सगळं रेकॉर्ड केलंय.

पूल २४ कमानींचा, दगडी, १८७५ चा. ही लाईन १९८० च्या दशकात बंदच करणार होते. हजारोंनी हरकती आल्या, त्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसा पण होता, कारण तो नियमित तिकीट काढून जायचा, आणि तो ठसा हरकत म्हणून ग्राह्य धरला गेला! १९८९ ला लाईन वाचली. गार्सडेल स्टेशनवर त्या कुत्र्याचा पुतळा आहे, आईसाठी फोटो काढायचा होता पण गाडी तिथे थांबली नाही.

बाबा, कोकणकन्येला डिझेल आहे तोवर पहिल्या डब्यातून मडगावला जाऊ असं तुम्ही म्हणायचात. २०२२ ला सगळी लाईन विजेवर गेली, ते राहिलं. असो. पुढच्या वेळी येईन तेव्हा मांडवीने जाऊ, इलेक्ट्रिक का असेना, पनवल नदीचा पूल तरी तोच आहे.

आता तुम्ही म्हणाल गणपतीला यायला पैसे नाहीत आणि इंजिनाच्या मागे फिरायला आहेत. तसं नाहीये. ह्या तिकिटात विमानाचं एक पंख पण येत नाही, आणि ते बोनस यायच्या आधीच काढलेलं. शिवाय गणपतीत सुट्टीच मिळत नाही, मॅनेजर स्वतः रजेवर आहे. दर्शन व्हिडिओ कॉलवर घेईन, आरतीच्या वेळी फोन नीट स्टँडला लावा, मागच्या वेळी अर्धा तास पंखाच दिसत होता.

चिऊच्या लग्नाच्या हॉलचा दुसरा हप्ता सोमवारी पाठवतोय, बाबांच्या खात्यावर. बिल्डरकडून रीडेव्हलपमेंटचं भाडं आलं नसेल तर सांगा, लपवू नका, मला शेजारच्या काकूंकडून कळतं मग. कॅटरर स्वस्तातला बघू नका, पैशाचं मी बघतो. फेब्रुवारीत मी नक्की येणार, तारीख अजून टाकलेली नाही पण येणार. जावयाच्या घरच्यांना मी येतोय असंच सांगा.

आई, सांगलीच्या स्थळाचा बायोडेटा वाचला. मुलगी चांगली वाटते. पण सध्या नको, चिऊचं होऊ दे, मग बोलू. मी टाळत नाहीये. आत्याला काय सांगायचं ते तू ठरव, फक्त "त्याला तिकडेच कोणीतरी आहे" असं सांगू नकोस, तसं काही नाही, शनिवारी सुद्धा इंजिनाबरोबर होतो.

रेकॉर्डिंग चिऊला पाठवलंय, बाबांना हेडफोन लावून द्या. टीव्ही बंद करून. टर्बोचा आवाज मध्ये एकदा बदलतो, मला काहीतरी घासतंय असं वाटलं, बाबांनी ऐकून सांगावं बेअरिंग आहे का. आणि पैसे जमा झाले की लगेच मेसेज टाका, बँकेच्या मेसेजवर विसंबू नका.

तुमचा,
बंड्या